लोखंड लपतं, निकेल सापडतं

समुद्री टाकी ठेवणाऱ्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो. "मासे मजेत आहेत, खातायत, पळतायत. पाणी नितळ आहे. खारटपणा, पीएच, कॅल्शियम सगळं जागेवर. मग प्रवाळच का मरतंय?"

विचारणारा बहुधा जर्मनीतला, अमेरिकेतला किंवा जपानमधला असतो. भारतात हा छंद अर्धाच करता येतो. २००१ पासून सगळी कठीण प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, म्हणजे थेट वाघाच्या रांगेत. मालवणच्या समुद्रातलं प्रवाळ उचलून घरी आणणं हा गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. बाहेरच्या अनेक देशांत मात्र टाकीतच वाढवलेल्या प्रवाळाचे तुकडे कायदेशीरपणे विकत मिळतात. तिथे बैठकीच्या खोलीत दोनशे, तीनशे, पाचशे लिटरचा समुद्र उभा करणारी माणसं भरपूर आहेत.

त्यांच्या प्रश्नाला दहा उत्तरं असू शकतात. या प्रकरणात त्यातलं एकच घेऊ, कारण ते उत्तर टाकीतच असतं आणि रोज हाताळलं जातं. काचेवरचं शेवाळ घासायचा चुंबकी ब्रश, लाटा निर्माण करणारा पंप काचेला धरून ठेवणारी चकती, पंपाच्या पोटात गरगर फिरणारा रोटर. या सगळ्यांत चुंबक असतो, आणि तो गंजू शकतो.

१. मासे मजेत असणं हा पुरावा का नाही

आधी मापाची ओळख करून घेऊ. पाण्यातले विरळ धातू लिटरमागे मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. एका मिलिग्रॅमचे हजार मायक्रोग्रॅम होतात. ३०० लिटरच्या टाकीत 'लिटरला १ मायक्रोग्रॅम तांबं' म्हणजे सगळ्या टाकीत मिळून ३०० मायक्रोग्रॅम तांबं. वजनाने ते बारीक मिठाच्या पाचएक दाण्यांइतकं भरेल.

आता माशांकडे वळू. समुद्री माशांना अंगावर पांढरे ठिपके उठण्याचा एक परजीवी रोग होतो. त्यावरचा जुना इलाज म्हणजे मासे वेगळ्या टाकीत हलवायचे आणि त्या पाण्यात तांबं घालायचं. लिटरला १५० ते २०० मायक्रोग्रॅम, सलग काही आठवडे. परजीवी मरतो, मासा तगतो. याच पाण्यात कोळंबी किंवा गोगलगाय सोडली तर ती वाचत नाही. म्हणूनच औषधाची टाकी वेगळी ठेवावी लागते.

प्रवाळही माशांहून हळवं. ऑस्ट्रेलियात प्रवाळाच्या अंड्यांवर झालेल्या प्रयोगांत तांबं लिटरला साधारण १५ ते ४० मायक्रोग्रॅम झालं की फलन निम्म्यावर येताना दिसलं. फरक जातींप्रमाणे पडतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने खाऱ्या पाण्यातल्या जीवांसाठी दीर्घकाळाच्या मर्यादा ठरवल्या आहेत, त्या विरघळलेल्या तांब्याला ३.१, निकेलला ८.२ आणि जस्ताला ८१ मायक्रोग्रॅम अशा आहेत. म्हणजे मासा ज्या पाण्यात औषध म्हणून आठवडे काढतो, त्यातलं तांबं या मर्यादेच्या पन्नास-साठ पट असतं. मासे ठणठणीत आहेत यावरून पाणी माशांना चालतंय एवढंच कळतं.

धातूच्या विषबाधेत दिसतं ते असं: प्रवाळाचे मऊ तंतू बाहेर येईनासे होतात, रंग फिका पडतो, मांसल पापुद्रा बुडापासून मागे सरकतो आणि पांढरा सांगाडा उघडा पडतो. गोगलगायी काचेवरून गळून पडतात, कोळंब्या कात टाकताना मरतात. पण हीच लक्षणं उष्णतेने, क्षारता अचानक बदलल्याने किंवा भुकेनेही दिसतात. लक्षणांवरून धातू ओळखता येत नाही. ती फक्त संशय घ्यायला पुरतात.

२. चुंबक गंजतो?

फ्रिजवरचा चुंबक वर्षानुवर्षं ओल्या हातांनी हाताळला तरी गंजत नाही, मग हा कसा गंजतो, असं कुणीही विचारेल. कारण ते दोन वेगळे पदार्थ आहेत.

फ्रिजवरचा काळा चुंबक फेराइटचा असतो. फेराइट म्हणजे लोखंडाचा ऑक्साइड, त्यात स्ट्रॉन्शियम किंवा बेरियम. ज्याचा आधीच ऑक्साइड झाला आहे तो आणखी काय गंजणार? पण फेराइट अशक्त असतो. १५ मिलिमीटर जाड काचेच्या आरपार ब्रश धरून ठेवायचा तर फेराइटचा भलामोठा ठोकळा लागेल.

ती अडचण नियोडिमियमच्या चुंबकाने सोडवली. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये मासातो सागावा आणि अमेरिकेत जनरल मोटर्सचे संशोधक, दोघंही स्वतंत्रपणे एकाच मिश्रधातूपाशी पोचले. नियोडिमियम, लोखंड आणि बोरॉन. सागावांना २०२२ मध्ये या कामासाठी अभियांत्रिकीतलं क्वीन एलिझाबेथ पारितोषिक मिळालं. आज इलेक्ट्रिक गाड्यांपासून मोबाइलच्या स्पीकरपर्यंत हाच चुंबक आहे. वजनाने त्यात साधारण दोनतृतीयांश लोखंड, तीसेक टक्के नियोडिमियम आणि त्याचे भाऊबंद, आणि एखादा टक्का बोरॉन असतो.

त्याची कमजोरी रचनेत आहे. या चुंबकाचा आतला भाग म्हणजे विटांची भिंत समजा. विटा म्हणजे चुंबकीय स्फटिकांचे कण आणि विटांमधला चुना म्हणजे नियोडिमियमने गच्च भरलेला पातळ थर. चुंबकाची ताकद टिकवायला हा चुना लागतोच. पण नियोडिमियम हा पाण्याला उतावळा धातू. पाणी पोचलं की आधी चुना जातो, मग आख्ख्या विटा सुट्या होऊन गळतात. म्हणून हा चुंबक खिळ्यासारखा वरून वरून गंजत नाही. तो आतून भुसभुशीत होतो, फुगतो आणि पूड होऊन सांडतो.

फुगण्यामागे हायड्रोजनचाही हात आहे. नियोडिमियम पाण्याशी भिडलं की हायड्रोजन सुटतो, त्यातला काही धातूतच मुरतो आणि धातू फुगून तडकतो. बर्मिंगहॅम विद्यापीठात रेक्स हॅरिस यांनी याच गुणाचा मुद्दाम उपयोग करून घेतला. हायड्रोजनच्या भांड्यात ठेवला की हा मिश्रधातू आपोआप कुटला जातो. चुंबकाच्या कारखान्यात आणि जुन्या चुंबकांच्या पुनर्वापरात ही पद्धत वापरतात. टाकीत तीच क्रिया विनासायास, नको त्या जागी होते.

हे उत्पादकांना ठाऊक असतंच. म्हणून चुंबकाला मुलामा देतात. सर्वात रुळलेला प्रकार तीन थरांचा: निकेल, मध्ये तांबं, वर पुन्हा निकेल. सगळे मिळून जाडी साधारण १० ते २० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा पन्नासावा भाग किंवा त्याहून कमी. काहींना जस्ताचा मुलामा असतो. त्यावर टाकीसाठी प्लॅस्टिकची किंवा इपॉक्सीची डबी.

मुलामा शाबूत आहे तोवर सगळं ठीक. टाचणीच्या टोकाएवढं भोक पडलं की मात्र निकेलचा मुलामा उलटतो. आपल्याकडच्या पत्र्याच्या छपराशी ताडून पाहा. तिथे लोखंडावर जस्त असतं, आणि ओरखडा पडला तरी जस्त आधी झिजून लोखंडाला वाचवतं. निकेल आणि तांबं त्यांच्या आतल्या चुंबकापेक्षा कमी सक्रिय धातू आहेत. खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले की जो जास्त सक्रिय तो झिजतो. इथे झिजणारा भाग टाचणीएवढा आणि त्याला झिजवणारा पृष्ठभाग सबंध मुलाम्याएवढा. मग त्या एका भोकातून चुंबक पोखरला जातो, आतून फुगतो, वरचा मुलामा फोडतो आणि फाटलेला मुलामाही पाण्यात उघडा पडतो.

आणि प्लॅस्टिकची डबी? प्लॅस्टिकमधून पाणी अगदी हळू का होईना, झिरपतं. डबीचे दोन भाग चिकटवलेले असतात, तो सांधा उकलतो. ब्रशचे दोन चुंबक हातातून निसटून एकमेकांवर आदळले की केसाएवढी चीर पडते. वाळूचा कण मध्ये अडकला तर काचेबरोबर डबीही घासली जाते.

३. किती धातू, कशात?

एक नेहमीच्या आकाराचा चुंबक घेऊ. २५ मिलिमीटर व्यासाची, ५ मिलिमीटर जाड चकती. वजन सुमारे १८ ग्रॅम. त्यावर १५ मायक्रॉनचा मुलामा म्हणजे साधारण १८० मिलिग्रॅम धातू. त्यातलं ६० मिलिग्रॅम तांबं आणि १२० मिलिग्रॅम निकेल धरू.

३०० लिटरच्या टाकीत हे सगळं विरघळलं तर तांबं लिटरला २०० मायक्रोग्रॅम होईल आणि निकेल ४००. सगळं कधी विरघळत नाही. पण फक्त २ टक्के विरघळलं तरी तांबं ४ आणि निकेल ८ वर जातं. वर दिलेल्या अमेरिकी मर्यादांशी ताडून पाहा. तांब्याची ओलांडली, निकेलची गाठत आली. एका छोट्या चकतीच्या मुलाम्यातले दोन टक्के, बस.

आता आतला गाभा. १८ ग्रॅममध्ये सुमारे १२ ग्रॅम लोखंड. मुलाम्यातल्या तांब्याच्या दोनशे पट. साहजिकच वाटेल की चुंबक गंजत असेल तर पाण्यात सगळ्यात जास्त लोखंडच सापडेल. तसं होत नाही, आणि या सगळ्या शोधातली खरी गोम इथे आहे.

४. लोखंड लपतं

समुद्राच्या पाण्याचा पीएच ८ च्या किंचित वर असतो आणि टाकीच्या पाण्यात ऑक्सिजन खेळता असतो. अशा पाण्यात विरघळलेलं लोखंड काही मिनिटांत तांबूस गाळ होऊन बसतं. तो गाळ दगडांवर चढतो, वाळूत उतरतो, फिल्टरच्या कापडात अडकतो. उरलेलं थोडंफार शेवाळ खाऊन टाकतं, कारण लोखंड हे शेवाळाचं आवडतं खत. शेवाळ वाढवायचं असेल तर छंदिष्ट माणसं ते विकत घेऊन घालतात. परिणामी शेजारी चुंबक भसाभसा गंजत असताना पाण्याच्या तपासणीत लोखंड शून्याजवळ येऊ शकतं.

नियोडिमियमची गतही तीच. त्याच्याच कुळातला लँथॅनम हा धातू टाकीतलं फॉस्फेट गाळून काढायला वापरतात, कारण तो फॉस्फेटशी जोडी करून न विरघळणारा गाळ बनवतो. नियोडिमियमही तसाच वागतो. पाण्यात फार टिकत नाही, गाळात सापडतो. शिवाय टाकीवाल्यांसाठीच्या बहुतेक तपासण्यांच्या यादीत नियोडिमियम नसतोच. बोरॉनचा तर प्रश्नच नको. समुद्राच्या पाण्यात तो मुळात लिटरला साडेचार मिलिग्रॅमच्या आसपास असतो, त्यात चुंबकातली भर दिसणार नाही.

मग उरतात निकेल आणि तांबं. ही दोन्ही पाण्यात बऱ्यापैकी विरघळलेली राहतात. खुल्या समुद्रात दोन्ही लिटरला अर्ध्या मायक्रोग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून कमी असतात. म्हणजे पार्श्वभूमी कोरी आहे आणि त्यावर थोडीही भर उठून दिसते.

फक्त निकेल वाढलं म्हणून चुंबकाला फासावर चढवता येत नाही. धातू जोडीने येतात आणि जोडीवरून घर ओळखायचं असतं. तांबं आणि जस्त एकत्र वाढले तर पितळी तोटी किंवा जोड आधी बघावा. निकेलबरोबर क्रोमियम, कधी मॉलिब्डेनम असेल तर स्टेनलेस स्टीलचा स्क्रू किंवा नळीचा पट्टा. 'स्टेनलेस' हे नाव गोड्या पाण्यापुरतं खरं मानावं. कथिल दिसलं तर पीव्हीसी नळ्यांचा संशय. एकटं तांबं असेल तर घरातल्या तांब्याच्या पाइपमधून आलेलं नळाचं पाणी नीट शुद्ध होत नसेल. एकटं जस्त असेल तर जस्ती मुलाम्याचा चुंबक, किंवा नमुना घेणाऱ्याच्या हातावरचं मलम. निकेल आणि तांबं दोन्ही वर, क्रोमियम नाही, आणि फिल्टरच्या कापडावर तांबूस डाग: ही चुंबकाची सही.

५. आधी हाताने बघा

प्रयोगशाळेच्या अहवालावर या छंदातल्या लोकांचा फार जीव. नमुना पाठवतात, आठवडाभर थांबतात, आकड्यांवर तावातावाने बोलतात, आणि ब्रश मात्र काचेवर तसाच चिकटलेला असतो. तपासणीचा पहिला भाग फुकट आहे आणि अर्ध्या तासात होतो.

पंप बंद करून प्रत्येक चुंबक बाहेर काढायचा. कोरडा पुसायचा आणि पांढऱ्या कागदावर ठेवायचा. डबीची सपाट बाजू टेबलावर ठेवून बोटाने दाबली की ती डुलते का? डुलली तर मध्ये फुगली आहे. सांध्यावर तपकिरी रेघ आहे का? पूर्वी घट्ट धरणारा ब्रश आता काचेवरून घसरतो का? गंजलेल्या भागाचं चुंबकत्व गेलेलं असतं. पंपाचा रोटर हाताने फिरवून पाहावा. तो फुगला की खोबणीला घासतो, पंप खरखरतो किंवा बंद करून चालू केल्यावर फिरायलाच तयार होत नाही. पंप जुना झाला म्हणून असे रोटर कित्येकदा महिनोन्‌महिने घासून पुसून पुन्हा बसवले जातात.

मग गाळ. टाकीखालच्या फिल्टरच्या कप्प्यात बसलेला गाळ प्लॅस्टिकच्या ताटलीत घ्यायचा आणि पिशवीत गुंडाळलेला चांगला चुंबक त्यावरून फिरवायचा. काळे कण उडून चिकटले तर चुंबकाचे कण सुटले असण्याची शक्यता आहे. मात्र साधा तांबूस गंज चुंबकाला फारसा ओढला जात नाही, तेव्हा काही चिकटलं नाही म्हणून निर्धास्त होऊ नये. उलट काही वाळूत मुळातच चुंबकाला चिकटणारे कण असतात. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर चुंबक फिरवून पाहिलेल्या कुणालाही हे सांगायला नको. म्हणून टाकीत घातलेली वाळू शिल्लक असेल तर तिच्यावरही आधी चुंबक फिरवून घ्यावा.

एक सावधगिरी. फुगलेला चुंबक कुतूहलाने कापू, घासू किंवा ड्रिल करू नये. या धातूची बारीक पूड हवेत पेट घेते.

६. दोन बरण्यांचा प्रयोग

डबी वरून धड दिसते, पण संशय जात नाही. अशा वेळी टाकीतला धातू मोजण्याऐवजी संशयिताला एकटं बसवायचं.

दोन लिटरच्या दोन स्वच्छ प्लॅस्टिकच्या बरण्या घ्यायच्या, झाकणंही प्लॅस्टिकचीच. दोन्हींत एकाच बादलीतलं ताजं कालवलेलं खारं पाणी. एकीत संशयित चुंबक, दुसरी रिकामी. दोन्ही शेजारी शेजारी दोन आठवडे ठेवायच्या, रोज हलवायच्या. रिकाम्या बरणीशिवाय हा प्रयोग निरर्थक आहे. मिठातच तांबं असेल तर ते दोन्हींत दिसेल आणि चुंबक सुटेल.

छोट्या बरणीचा फायदा आकड्यात बघा. समजा चुंबकातून टाकीत दर आठवड्याला लिटरमागे अर्धा मायक्रोग्रॅम तांबं येतंय. ३०० लिटरमध्ये ते १५० मायक्रोग्रॅम झालं. हेच १५० मायक्रोग्रॅम दोन लिटरमध्ये आलं तर लिटरला ७५, आणि दोन आठवड्यांत १५०. तांबं मोजायचं थेंबांचं घरगुती किट औषधाच्या मात्रेसाठी बनवलेलं असतं. टाकीतले दोन-चार मायक्रोग्रॅम ते शून्यच दाखवतं, पण १५० त्याच्या पट्ट्यात बसतं. टाकीत आंधळं असलेलं तेच स्वस्त किट बरणीत कामाला येतं.

एका बरणीत एकच संशयित. बरणीतला वेग आणि टाकीतला वेग तंतोतंत सारखा नसेल, कारण टाकीत पंप फिरतो, ब्रश घासला जातो. इथे आपल्याला फक्त गळतंय की नाही एवढंच पाहायचं आहे.

आपल्याकडे गोड्या पाण्यात लाल कोळंब्या पाळणाऱ्यांनाही ही युक्ती तशीच उपयोगी आहे. या कोळंब्यांनाही तांबं सोसत नाही, आणि चुंबकी ब्रश पुण्या-मुंबईच्या दुकानांतही मिळतो.

७. ज्योतीचा रंग

आता प्रयोगशाळा. टाकीवाले ज्याला 'आयसीपी' म्हणतात ती तपासणी तत्त्वाने आपल्या स्वयंपाकघरात रोज होते. भाताचं खारट पाणी उतू जाऊन गॅसवर पडलं की निळी ज्योत क्षणभर पिवळी होते. तो पिवळा रंग मिठातल्या सोडियमचा. प्रत्येक मूलद्रव्य पुरेसं तापलं की आपल्या ठरलेल्या रंगांचा प्रकाश देतं.

१८६० मध्ये जर्मनीत हायडेलबर्गला रॉबर्ट बुन्सेन आणि गुस्ताव्ह किर्चहॉफ यांनी याच मार्गाने एका झऱ्याच्या पाण्यात एक अनोळखी निळी रेघ पाहिली आणि सीझियम हा नवा धातू शोधला. त्याचं थोडंसं संयुग हाती यावं म्हणून बुन्सेननी सुमारे ४० टन पाणी आटवलं. रेघ दिसायला थेंब पुरला होता.

आजच्या यंत्रात गॅसच्या शेगडीऐवजी आर्गॉन वायूची प्लाझ्मा ज्योत असते, ६,००० ते १०,००० केल्विनची. त्यात पाण्याचा फवारा सोडला की तांबं, निकेल, जस्त आपापल्या रंगांत एकाच वेळी चमकतात. प्रत्येक रंग किती तेजस्वी आहे यावरून किती धातू ते कळतं. याचा महाग भाऊ रंगाऐवजी अणूंचं वजन मोजतो आणि कितीतरी कमी धातूही पकडतो. चुंबकाचा संशय असेल तर त्याच्यावर जादा पैसे खर्चायला हरकत नाही, कारण समुद्राच्या पाण्यात लिटरला ३५ ग्रॅम मीठ असतं. त्या गर्दीत रंगावर चालणाऱ्या यंत्राला एक-दोन मायक्रोग्रॅमच्या खालचं नीट दिसत नाही.

शक्य असेल तर प्रयोगशाळेला विचारावं की नियोडिमियम मोजता का, आणि पाण्याबरोबर गाळ घेता का. फिल्टरच्या गाळात नियोडिमियम भरपूर निघालं तर वादच संपला. समुद्रात तो लिटरला मायक्रोग्रॅमच्या काही हजाराव्या भागाइतका असतो. टाकीत तो चुंबकाशिवाय दुसरीकडून भरपूर येण्याचं कारण नाही.

८. अहवाल वाचताना

'सापडलं नाही' आणि 'नाही' हे वेगळे. अहवालात शून्य छापलेलं असलं तरी त्याचा अर्थ 'आमच्या यंत्राच्या नजरेखाली' एवढाच.

लोखंड अचानक १०० आलं तर घाबरण्याआधी नमुन्याची नळी आठवा. १० मिलिलिटरच्या नळीत गंजाचा एक कण शिरला आणि त्यात १ मायक्रोग्रॅम लोखंड असलं, तर हिशेबाने लिटरला १०० मायक्रोग्रॅम होतात. टाकीभर लोखंड पसरलेलं नसतं, एक कण नळीत पडलेला असतो. अर्थात तो कण आला कुठून, हा प्रश्न रास्तच आहे. म्हणून एकाच वेळी दोन नळ्या भराव्यात.

तिसरी गोष्ट जरा फसवी आहे. तीन महिन्यांचे तीन अहवाल आले, निकेल ९, ९, १०. वाढत नाही, म्हणजे गळती थांबली असं वाटतं. हिशेब करून पाहू. चुंबक दर आठवड्याला लिटरमागे १ मायक्रोग्रॅम सोडतोय आणि मालक दर आठवड्याला १० टक्के पाणी बदलतोय. पहिल्या आठवड्याला १ झाले, पाणी बदलल्यावर ०.९ उरले. दुसऱ्या आठवड्याला १.९, बदलल्यावर १.७१. आकडा वाढेल तसं प्रत्येक बदलात जास्त धातू बाहेर जातो. पाचएक महिन्यांत आकडा ९ ला पोचतो आणि अखेर १० पाशी थबकतो, कारण तिथे दर आठवड्याला बाहेर जाणारा धातू आणि आत येणारा धातू सारखाच, म्हणजे १. स्थिर आकडा गळती थांबल्याचा असू शकतो किंवा गळती आणि पाणीबदल यांची बरोबरी झाल्याचा. नुसत्या अहवालावरून यातलं काय खरं ते कळत नाही.

अजून एक मर्यादा या तपासणीला आहे. ती एकूण तांबं सांगते. पाण्यातल्या सेंद्रिय पदार्थांशी बांधलं गेलेलं तांबं सुट्या तांब्याहून बरंच कमी विषारी असतं. म्हणून ५ चा आकडा असताना एका टाकीत प्रवाळ फुललेलं असतं आणि दुसरीत मरत असतं.

९. चुंबक काढल्यावर

संशयित बाहेर गेला की तोच उत्तम पुरावाही देतो. वरच्याच टाकीत निकेल १० असताना चुंबक काढला आणि दर आठवड्याला १० टक्के पाणी बदलत राहिलं, तर चार आठवड्यांनी साधारण ६.५ उरायला हवं आणि सात आठवड्यांनी ५ च्या खाली. याहून लवकर उतरलं तर आनंद आहे. दगड आणि सांगाडेही धातू शोषून घेतात. थोडं हळू उतरलं तरी चालेल, कारण तेच दगड शोषलेलं परत सोडतात.

घाई असेल तर सक्रिय कोळसा ठेवावा. सेंद्रिय पदार्थांबरोबर तो त्यांना बांधलेला धातूही ओढतो. धातू धरणारे खास राळेचे दाणे आणि फिल्टरच्या चकत्याही मिळतात. त्यांतल्या काही तांब्याने निळसर आणि लोखंडाने तांबूस होतात, म्हणजे सफाई करता करता साक्षही देतात. दोन-तीन दिवसांत चकती निळी पडली तर अहवालाची वाट पाहायची गरज राहत नाही. एकदम ८० टक्के पाणी मात्र बदलू नये. आधीच थकलेल्या प्रवाळाला तो दुसरा धक्का बसतो.

चार आठवड्यांनी आकडा जागचा हलला नाही, तर टाकीत दुसरा चुंबक आहे असं समजून मोजणीला बसावं. ब्रशचा आतला अर्धा, प्रत्येक लाटांच्या पंपाची चकती आणि त्याचा रोटर, पाणी वर चढवणाऱ्या पंपाचा रोटर, फेस काढणाऱ्या यंत्राचा रोटर, प्रवाळाचे तुकडे ठेवायच्या फळीचे पाय, थर्मामीटरची पकड. यादी इथे संपली असं वाटतं तेव्हा पाणी आटलं की आपोआप भरणाऱ्या यंत्रणेतली तरंगती कळ उरलेली असते. तिच्या तरंगत्या ठोकळ्यात नखाएवढा चुंबक असतो, आणि ती बसवल्यापासून कुणी बाहेर काढलेली नसते. तिच्यासाठीही एक बरणी भरून ठेवा.